रविवारच्या फ्लोरा फाउंटन वॉकबद्दल, सगळ्यांनी वाचा प्लीज

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ठीक ७ वाजता हुतात्मा स्मारकासमोर जमायचंय, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत ना, तिथेच. चर्चगेटवरून चालत दहा मिनिटं. लांबून येणाऱ्यांनी लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक बघून निघा.

फाउंटन १८६४ चं. जुन्या किल्ल्याचा चर्च गेट पाडला त्या जागेवर उभं राहिलं, चर्चगेट हे नाव त्या दरवाजाचंच. डिझाइन नॉर्मन शॉ यांचं, मूर्तीकाम जेम्स फोर्साइथ यांचं, दगड थेट इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड स्टोन. वर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. मधे कित्येक वर्षं तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचे थरावर थर चढवले होते, ते काढल्यावर कोरीवकाम परत दिसायला लागलं, जानेवारी २०१९ मधे कारंजं पुन्हा सुरू झालं. त्या कामात जुन्या ट्रामचे रूळपण सापडले! वस्त्राच्या चुण्या नीट बघा, मला तिथून हलवत नाही.

आणि २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या लोकांवर गोळीबार झाला, म्हणून हा हुतात्मा चौक. स्मारकापाशी आधी दोन मिनिटं शांत उभं राहायचं, तेव्हा फोटो नकोत.

- कारंज्याच्या कठड्यावर चढायचं नाही, दगडाला हात लावायचा नाही
- पाण्याची बाटली, टोपी आणा
- येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका, लहान मुलं असतील तर तेही लिहा, रस्ता ओलांडताना माणसं लागतात