खंडणीचा खरा अर्थ सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या वाचकगटाला तुम्ही जे शिकवलंत, त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र.

विज्ञान कादंबऱ्यांतली ख्रिस्ती प्रतीकं शोधताना आम्ही सगळे एकच चूक करून राहिलो होतो. साम्य दिसलं की थांबायचं. हात पसरून मेला की येशू, पाणी दिसलं की बाप्तिस्मा. तुम्ही म्हणालात, साम्य नुसता पत्ता सांगतं, लेखकाने काय बदललं ते बघा. मग पद्धत लावून दिलीत: प्रसंग आधी कथेपुरता वाचायचा. मग मराठी बायबलातला उतारा, मागच्या-पुढच्या दहा वचनांसह, मोठ्याने. मग वहीत दोन रकाने, एकात जसंच्या तसं घेतलेलं, दुसऱ्यात बदललेलं.

सी. एस. लुइस यांच्या ‘पेरेलान्ड्रा’चा (१९४३) नायक रॅन्सम. हे नाव म्हणजे इंग्रजीतला ‘ransom’ हा शब्दच; मराठी बायबलात मार्क १०:४५ मध्ये त्यासाठी ‘खंडणी’ शब्द आहे. पण पेपर वाचणाऱ्याला खंडणी म्हणजे गुंडांची वसुली, त्यामुळे अर्थ पार उलटा लागतो. दुसऱ्याला सोडवण्यासाठी स्वतः भरलेली किंमत, हे तुमच्यामुळे कळलं. बायबलात हव्वेला एका झाडाच्या फळाची मनाई होती; या कादंबरीत शुक्रावरच्या तरंगत्या बेटांवरची स्त्री फळं खुशाल खाते. तिला मनाई आहे ती स्थिर जमिनीवर रात्र काढायची. दुसरा रकाना भरला तेव्हा उलगडलं: स्थिर जमीन म्हणजे उद्याचा दिवस आपल्याच मुठीत धरून ठेवणं. रॅन्समच्या टाचेची वाहती जखम मात्र पहिल्या रकान्यात जाते, कारण उत्पत्ती ३:१५ मध्ये साप टाच फोडील असं म्हटलंय.

सगळ्यात जास्त ऋण वॉल्टर मिलर यांच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’बद्दल (१९५९). शेवटच्या भागात टोमॅटो विकणारी दोन डोक्यांची म्हातारी आहे. तिचं दुसरं डोकं, रेचल, जन्मभर निजलेलं, ते अणुस्फोटानंतर जागं होतं. ढिगाऱ्याखाली अडकलेले मठाधिपती तिला बाप्तिस्मा द्यायला जातात, तर ती नाकारते आणि उलट त्यांनाच पवित्र भाकर देते. आम्ही याला धर्माचा अव्हेर म्हणून मोकळे झालो होतो. तुम्ही विचारलंत, बाप्तिस्मा कशासाठी असतो? मूळ पाप, म्हणजे आदाम-हव्वेपासून प्रत्येकाला जन्मतः लागलेलं पाप, धुण्यासाठी. ज्याला ते नाहीच, त्याला पाणी कशाला? येशूची आई मरिया मूळ पापाच्या डागाविना आईच्या गर्भात आली, ही कॅथलिक शिकवण (१८५४ साली पोपनी ती अधिकृत जाहीर केली) ठाऊक नसेल तर हा प्रसंग हाती लागत नाही. आणि ती कुमारीजन्माहून (येशू कुमारी मरियेच्या पोटी जन्मला, या शिकवणीहून) वेगळी, हेही तुम्ही तिथेच स्पष्ट केलंत. हा घोटाळा फार जणांचा होतो. ढिगाऱ्याखालून मठाधिपतींच्या तोंडी मरियेचंच स्तोत्र येतं, लूक १:४६. म्हणून पुस्तक कॅथलिक लेखकाचं की प्रोटेस्टंट, हे आता पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

ज्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी धर्मप्रचार करता करता दगडांतले जीवाश्म गोळा केले, तिथे असं वाचन व्हावं आणि तेही मराठीतून, याचा आम्हाला फार आनंद आहे.

सध्या मेरी डोरिया रसेल यांची ‘द स्पॅरो’ (१९९६) चालू आहे. नावातली ‘स्पॅरो’ म्हणजे मत्तय १०:२९ मधली, देवाच्या नकळत जमिनीवर न पडणारी चिमणी; ती पहिल्या रकान्यात लिहिली, दुसऱ्यात खूप खाडाखोड झाली. रविवारी चर्चमधली मिस्सा (उपासना) आटोपल्यावर वही घेऊन येतो.

तुमचे ऋणी,
सदरचा वाचकगट