ओवी फळ्यावर, पुस्तक मागच्या खोलीत

महोदय,

मराठी भाषा गौरव दिनाचे फोटो आपल्या अंकात पाहिले. आमच्या भागातल्या वाचनालयातही कार्यक्रम झाला. फळ्यावर रंगीत खडूने ओवी लिहिली होती, मराठीला रत्नांतल्या हिऱ्याची उपमा देणारी. खाली 'फादर स्टीफन्स, ख्रिस्तपुराण, १६१६'. अक्षर सुरेख. मी सहज विचारलं, पुस्तक आहे का? ग्रंथालय सांभाळणाऱ्या ताई मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. 'इतर धर्म' अशी चिठ्ठी डकवलेलं कपाट, सगळ्यांत खालचा कप्पा. तिथेच, पाठ निखळलेल्या अवस्थेत, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'! आत्मचरित्रांचं कपाट पुढच्या दालनात, पंख्याखाली आहे. मग हे इथे का? "बाई ख्रिश्चन होत्या ना," असं उत्तर मिळालं. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. जुनी पुस्तकं बांधायचा नाद आहे, म्हणून 'स्मृतिचित्रे' घरी आणलं. जुना सरस गरम फडक्याने सोडवला, जुजं (पानांचे शिवलेले गठ्ठे) सुटी केली, फाटक्या घड्यांना पातळ कागद लावला. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं, म्हणजे कसर लागत नाही. (मंडळी ओरडतात, स्वयंपाकाचं पातेलं घेऊ नका. वेगळं ठेवलंय.) दाभणाने भोकं पाडता पाडता पानं वाचली जातात आणि काम रखडतं. बाईंचे पती, कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाईंवर आभाळ कोसळलं होतं. तरी त्या लिहितात अशा, की मंडळी पोळ्या लाटता लाटता हसत होत्या. पुण्याहून आलेली नात म्हणाली, "आजोबा, या तर आपल्या नगरच्याच की!"

आम्हा ख्रिश्चनांचे लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस आहेत. रात्री जेवणं झाली की आमच्याकडे उपासना होते. पेटी मी धरतो, सूर नातीचा. भजनं बहुतेक ना. वा. टिळकांची. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणारा हा माणूस. शेजारचे माळकरी अण्णा ओट्यावर बसून टाळी धरतात. त्यांना ही भजनं 'इतर' वाटत नाहीत, चाल ओळखीची असते.

आमचीही चूक कबूल करतो. घरोघरी उपासना-संगीत आहे, पण ख्रिस्तपुराण किती जणांनी उघडलंय? मी स्वतः साठीनंतर उघडलं. गोव्यात राहून फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्ताच्या कथेवर दहा हजारांवर ओव्या रचल्या. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून छापल्या रोमन लिपीत. भाषा जुनी आहे, अडखळायला होतं, पण मोठ्याने वाचलं की ओवी आपोआप वाट दाखवते.

माझं मागणं लहान आहे. त्याच वाचनालयात ज्ञानेश्वरी काव्याच्या कपाटात आहे, धर्माच्या नाही, आणि ते योग्यच आहे. ख्रिस्तपुराण तिच्या शेजारी ठेवा, 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्रांत. ताई म्हणाल्या, वर्गवारी समितीने ठरवलेली आहे, मला बदलता येणार नाही. समितीचे सभासद आपला अंक रोज त्याच टेबलावर वाचतात, म्हणून हे पत्र.

पुस्तक बांधून तयार आहे. पाठीवर नाव घातलंय, वर्गांकाची जागा कोरी ठेवली आहे.

— एक वाचक, अहिल्यानगर