एडिंबराहून दादा-वहिनींना

एडिंबरा,
ऑगस्टअखेर

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

दादा, तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. 'पोरगी नोकरी सोडून स्टँडअप कॉमेडी करते म्हणते' हे त्यात जितक्या वेळा आलं, तितक्या वेळा मागून वहिनींचं 'अहो, हळू बोला, ती घरातच आहे' हेही ऐकू आलं. फोनवर बोललो असतो तर आपण भांडलो असतो, म्हणून लिहितेय.

तू दोन गोष्टी विचारल्यास. विनोद सांगून माणसाचं पोट भरतं का, ही एक. आणि पोरीला इथे एमए-बिमए करायला पाठवलं तर शिक्षणही होईल, स्टँडअपची हौसही भागेल, असं जमेल का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. असलं काही करू नकोस. विद्यार्थी व्हिसावर इथे स्वयंरोजगार चालत नाही आणि व्यावसायिक कलावंत म्हणून कामही करता येत नाही, नियमातच तसं आहे. म्हणजे कर्ज काढून फी भरायची आणि जिच्यासाठी आली त्या स्टेजकडे प्रेक्षकांतून बघत बसायचं. शिवाय तिचं ऐकणारी माणसं तिकडे आहेत. ती बोलते मराठी, हिंदी आणि ऑफिसातलं इंग्रजी कालवून, आणि ते समजून हसणारे लोक इथे मी कुठून आणू?

पोटाचं मात्र सविस्तर सांगते, कारण इथे हा महिनाभर दुसरं काही दिसतच नाही. १९४७ साली या शहरात मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना आल्या आणि महोत्सवाच्या कडेकडेने आपले प्रयोग लावून बसल्या. त्यातून 'फ्रिंज' नावाची ही ऑगस्टमधली कलांची जत्रा निघाली. आजही तिला निवड समिती नाही. जागा मिळाली, नोंदणीचे पैसे भरले की तुम्ही आत. त्यामुळे ऑगस्टमध्ये तीन हजारांवर कार्यक्रम होतात, आणि त्यात स्टँडअपवाल्यांची ही गर्दी! पबचं तळघर, चर्चचा हॉल, विद्यापीठाचा वर्ग, काहीही चालतं. घरभाडी इतकी चढतात की बहुतेक नवे कलाकार हजारो पौंड घालवून घरी जातात. 'फ्री फ्रिंज' म्हणून एक प्रकार आहे, तिथे तिकीट नसतं. कार्यक्रम संपला की कलाकार स्वतः दारात बादली घेऊन उभा राहतो, हल्ली सोबत कार्डाचं यंत्रही असतं. तासभर लोकांना हसवून लगेच त्यांच्यापुढे बादली धरायची. दादा, आपल्या घरातल्या कुणालाही हे जमलं नसतं.

आमच्या मागच्या खोलीत या वेळी अशीच एक मुलगी राहिली, तुझ्या लेकीच्याच वयाची. सकाळी उशिरा उठते म्हणून मी मनात नाव ठेवत होते. मग कळलं, ती पडल्या पडल्या आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग ऐकत असते. वहीत प्रत्येक ओळीसमोर खुणा: इथे हसले, इथे नुसते श्वास सोडल्यासारखे हसले, इथे खुर्ची वाजली. आईबद्दलच्या एका किश्श्यात तिची एक ओळ मला फार आवडायची. दुसऱ्या आठवड्यात तिने ती काढून टाकली. का, तर त्या ओळीवर लोक हसत राहायचे आणि पुढची, खरी ओळ त्या आवाजात बुडून जायची. मी हळहळले, पण त्या रात्री पुढच्या ओळीला जो हशा आला तो जिन्यापर्यंत ऐकू आला. दुपारी तीच मुलगी रॉयल माइल या इथल्या गजबजलेल्या रस्त्यावर पावसात उभी राहून अनोळखी माणसांच्या हातात पत्रकं देत असते. एका संध्याकाळी जेमतेम रांगभर माणसं आली, तरी तिने पूर्ण तास केला. परत येऊन म्हणाली, आजचा प्रेक्षक वाईट नव्हता, मीच घाईत होते. आपल्याकडे अशा वेळी अंगणच वाकडं असतं.

तुला वाटतं हे 'सुचतं तसं बोलणं' आहे. तसं मुळीच नाही. सुचल्यासारखं वाटावं म्हणून ते लिहिलेलं असतं. सुरुवात पाच मिनिटांनी होते. इथे 'द स्टँड' नावाचा क्लब आहे, तिथे सोमवारी 'रेड रॉ' म्हणून नवख्यांची रात्र असते. त्या पाच मिनिटांची दहा व्हायला, दहाची वीस व्हायला आणि वीसचा एक तास व्हायला वर्षं जातात. लेखन आणि अभिनय येतात ते या एका तासात. पाच मिनिटं नुसत्या विनोदांवर निघतात, तासभर माणसाला काहीतरी सांगायचं असावं लागतं. फीबी वॉलर-ब्रिज या इथल्या लेखिका-अभिनेत्रीने २०१३ मध्ये इथे एकटीने एक प्रयोग केला, २०१६ मध्ये बीबीसीवर त्याची मालिका झाली आणि २०१९ मध्ये तिला लेखन आणि अभिनय, दोन्हींचे एमी हे टीव्हीवरचे मोठे पुरस्कार मिळाले. रिचर्ड गॅड इथल्याच स्कॉटलंडचा. २०१६ मध्ये त्याने फ्रिंजमधला विनोदाचा मुख्य पुरस्कार जिंकला, २०१९ मध्ये स्वतःवर बेतलेल्या अतिशय अवघड गोष्टीचा एकट्याने प्रयोग केला, आणि २०२४ मध्ये त्याच गोष्टीची मालिका स्वतः लिहून, त्यात स्वतःच काम करून जगभर पोचला. त्यात विनोद किती आणि वेदना किती, हे तू बघून ठरव. वहिनी, तुम्ही नका बघू, झोप लागायची नाही.

ही नावं सांगताना मला जरा भीती वाटते. तू म्हणशील, 'बघ, होतं ना!' होतं, पण त्या तीन हजारांतले बाकीचे तुला ठाऊक नाहीत. ज्यांचं झालं त्यांचेही दिवस मोज. अहिर शाह हा गुजराती घरातला लंडनचा मुलगा पंधराव्या वर्षी स्टेजवर चढला. २०२३ चा मुख्य पुरस्कार मिळाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, आणि कार्यक्रम होता आजोबांवरचा. पुरस्काराची रक्कम १०,००० पौंड, म्हणजे सतरा वर्षांनी भागले तर काय उरतं बघ. रोमेश रंगनाथन हा इथला नावाजलेला कॉमेडियन टीव्हीवर दिसायच्या आधी शाळेत गणित शिकवायचा. आणि त्याच २०२३ मध्ये नवोदितांचा पुरस्कार कुणाला मिळाला ठाऊक आहे? आपल्या मुंबईच्या उरूज अश्फाकला. तिने आपला तास तिकडे, तिकडच्याच प्रेक्षकांसमोर घडवला आणि मग इथे आणला. पोरीला हा रस्ता दाखव, इथल्या विद्यापीठाचं माहितीपत्रक नको.

आणि तू जे म्हणालास ना, 'आपल्याकडे असलं कुणी करत नाही', त्यावर मी हसले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा प्रयोग बघून आल्यावर तूच घरात आठवडाभर सगळ्या वऱ्हाड्यांचे आवाज काढत होतास! लक्ष्मण देशपांडे एकटे बावन्न पात्रं करायचे. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, अभिनय त्यांचा. आणि विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापकही होते. नोकरी आणि स्टेज एकाच माणसात नांदतात, हे आपण तेव्हाच पाहिलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं. नोकरी इतक्यात सोडू देऊ नकोस, पण ते तिला 'हौस' म्हणून सांगू नकोस, तिला ते लागेल. तिला विचार, तुझी किती मिनिटं तयार आहेत? 'मला विनोद सुचतात' हे उत्तर चालणार नाही. अनोळखी लोकांसमोर, वेगवेगळ्या रात्री, पुन्हा पुन्हा चाललेली मिनिटं किती, ते तिने सांगावं. वीस झाली की पगारातून बाजूला काय पडतं ते बघा आणि मग सुट्टीचं, अर्धवेळ कामाचं बोला. ऑफिसमधल्या ज्या तक्रारी ती करते ना, तोच तिचा कच्चा माल आहे. नोकरी सोडल्यावर सहा महिन्यांत तो आटेल आणि ती 'मी नोकरी सोडली' यावरच विनोद करत बसेल. असे कार्यक्रम या महिन्यात मी पुष्कळ पाहिले, सगळे सारखेच.

आणखी एक. ती ओपन माइकला, म्हणजे नवख्यांच्या खुल्या स्टेजवर, जाते तेव्हा तू जायचं नाहीस. गेलास तर पहिल्या रांगेत बसायचं नाही. तुझा तो हात बांधून बसलेला चेहरा कुणाचाही विनोद मारू शकतो. वहिनींना पाठव, त्या चुकीच्या जागी का होईना, हसतात तरी.

तिचा तास तयार झाला तर इथे यायला विद्यार्थी व्हिसा लागतच नाही. फ्रिंज परमिटमुक्त महोत्सवांच्या यादीत आहे, त्यामुळे बाहेरचे कलाकार साध्या व्हिजिटर व्हिसावर येऊन इथे कार्यक्रम करू शकतात, मानधनही घेऊ शकतात. मागची खोली तिच्यासाठी ठेवते, भाडं नाही. पत्रकं वाटायला मीही उभी राहीन, या पावसाची मला आता सवय झाली आहे.

तोवर तिला सांग, पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग मला पाठव. एडिट केलेलं नको, लोक गप्प बसलेत तेही ऐकू येऊ दे. आणि तुझ्याबद्दलचे विनोद त्यात असतील तर ते आधी पाठव म्हणावं.

तुझी,
धाकटी