आयात गाडीचे तारे आणि आमचा पाऊस

संपादक महोदय,

गोव्याच्या सरकारी कदंब बसवर 31 वर्षे चालक होतो, त्यामुळे गाडी आधी वाकून खालून बघायची सवय. गेल्या रविवारी मुलाबरोबर पणजीतल्या एका शोरूममध्ये परदेशातून अख्खी तयार येणारी विजेवरची गाडी पाहिली. विक्रेता काचेचे छप्पर उघडून दाखवत होता. मी विचारले, पावसात आमच्या वाड्यावरच्या उतारावर गुडघाभर पाणी साचते, तेव्हा बॅटरीचे काय? "काका, आयपी-67 आहे!"

घरी येऊन वाचले. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही प्रयोगशाळेत. चार पावसाळे खड्डे खाऊन, खालून दगड आपटल्यावर ते सील तसेच राहते का, ते त्या आकड्यात नाही.

अपघातातल्या सुरक्षेचे पाच तारेही दाखवले, पण ते परदेशी चाचणीचे. आपली अशी तारे देणारी चाचणी, भारत एनकॅप, 2023 मध्ये सुरू झाली, तीही ऐच्छिक. शिवाय ठरावीक परदेशी मानके पाळणाऱ्या गाड्या प्रत्येक कंपनीला वर्षाला 2,500 पर्यंत इथल्या वेगळ्या चाचणीविना आणण्याची सवलत केंद्राने 2018 मध्ये दिली. त्यात गैर काही नाही. पण मग तारे कुठल्या वर्षीचे, कुठल्या मॉडेलचे, बॅटरी कुठल्या प्रकारची, सुटा भाग किती दिवसांत येणार, हे शोरूमच्या भिंतीवर मराठी-कोंकणीत लावा ना! बसचा फिटनेस दाखला आम्ही कोणी मागितला की लगेच काढून दाखवायचो.

मुलगा बुकिंगला उतावीळ आहे. चवथीपर्यंत थांब म्हटलंय.

— एक निवृत्त बसचालक, फोंडा