मोडीत घालण्याआधी भांड्यावरचं नाव वाचा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत. पण ‘आज्या पितळेच्या पातेल्यात आमटी करायच्या, आपणही करावी’ हा सल्ला अर्धवट आहे. आज्या आमटी करायच्या ती कल्हईच्या पातेल्यात. उघड्या पितळेत चिंच किंवा ताक पडलं की ते कळकतं आणि पोटाला बाधतं. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघाला की कथील लावून कापसाच्या बोळ्यानं आतून भराभर फिरवायचं आणि लगेच पाण्यात बुडवायचं, हे काम करणारे कल्हईवाले पूर्वी गल्लीत भाता लावून बसत. आता ते शोधावे लागतात. हौसेनं पितळ घेणाऱ्यांनी आधी कल्हईवाल्याचा पत्ता काढावा, मग दुकानाची पायरी चढावी.

लेखात बहुगुणं, ओगराळं, कासंडी अशी नावं आली, ते छान झालं. सोलापूर मात्र कुठेच दिसलं नाही. इथे एकाच नळावर आमची घागर, कन्नड घरातलं कोड आणि पूर्व भागातलं तेलुगू बिंदे रांगेत उभं असायचं. भांडं तेच, हाक वेगळी.

पण माझं पत्र खरं तर दुसऱ्याच नावांसाठी आहे, भांड्यांवर घातलेल्या. लग्नकार्यात साऱ्या भावकीची पातेली, पराती, हंडे एकत्र व्हायचे. पंगती उठल्यावर कुणाचं कुठलं हे कळावं म्हणून नाव घालायची पद्धत. टोचणी आणि छोट्या हातोडीनं ठिपक्याला ठिपका लावत अक्षर उमटवायचे. पुढे त्यात हौस शिरली. नावापाठोपाठ गाव आलं, तारीख आली, ‘सप्रेम भेट’ आलं. संक्रांतीच्या वाणाच्या वाट्यासुद्धा सुटल्या नाहीत.

आमच्या घरी एक पितळी डबा आहे. झाकणावर ‘साचेखात्यातील मंडळींकडून लग्नाप्रीत्यर्थ’ असं लिहिलंय. ‘प्रीत्यर्थ’ला जागा पुरली नाही म्हणून ‘र्थ’ खालच्या ओळीत, तोही जरा कलंडलेला. सासरे गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. त्या काळापासून कितीतरी घरं भोंग्यावर चालली. आता भोंगाही नाही आणि साचेही नाहीत. आमच्या घरात त्या खात्याचा लेखी पुरावा म्हणाल तर हे झाकण. दुसरी वस्तू सासूबाईंची घागर. त्यांचं माहेर कर्नाटकातल्या इंडीकडचं, त्यामुळे तिच्या गळ्यावरची अक्षरं कन्नड.

अशी भांडी गेली ती स्टील आल्यावर. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांना बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ धातू शोधता शोधता न गंजणारं पोलाद हाती लागलं. आमच्या गल्लीत ते आणलं बोहारणीनं. जुनं जरीचं लुगडं द्यायचं, घासाघीस करून डबा घ्यायचा. त्यात बायकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. स्टीलला नावं ठेवणाऱ्यांनी महिनाभर चिंच आणि राख घेऊन हंडे घासावेत, मग बोलावं.

प्रश्न मोडीचा आहे. मोड किलोवर जाते. काट्यावर चढण्याआधी भांडं चेपतात, त्यात नाव दिसेनासं होतं, पुढे भट्टी. अहमदाबादला १९८१ पासून ‘वेचार’ हे फक्त भांड्यांचं संग्रहालय आहे. सोलापुरात तसं लगेच व्हावं असा हट्ट नाही, जागेचा प्रश्न निघाला की इथे विषय संपतो. पण मोड घेणाऱ्या दुकानदारांनी नावाचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवायला काय हरकत आहे? आणि आपण आठवड्यातून एकदा वाचकांकडून आलेलं असं एक भांडं, मजकुरासकट, छापावं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एवढे पाळणे लागतात, तिथे या फोटोंचा एक स्टॉल सहज मावेल.

डबा आणि घागर, दोन्हींची छायाचित्रं सोबत पाठवत आहे. घागरीवरची दुसरी ओळ घासून घासून पुसट झाली आहे. जुनं कन्नड वळण ओळखणाऱ्या कुणा वाचकाला ती लागली, तर कृपया आपल्यामार्फत कळवावं.

– एक वाचक, सोलापूर