अमेरिकेतला शेतकरी पण घरदार असलेला माणूसच आहे

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आपल्या पेपरात मागे सोयाबीनच्या भावावर चर्चा चालू होती, त्यात एका वाचकाने लिहिलं होतं की अमेरिकेतला शेतकरी हजारो एकरचा मालक, सगळी कामं मशीनवर, सरकार घरी चेक पाठवतं, आणि आपला शेतकरी मात्र रडत बसतो. मी मूळचा औशाचा, आता नोकरीमुळे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहतो, चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या गावाबाहेर एक शेतकरी आहेत, वय साठीच्या पुढे, नाव देत नाही कारण त्यांना ते आवडणार नाही. वडिलांकडून आलेली 160 एकर स्वतःची, म्हणजे जुन्या सर्वेतला एक चौकोनी तुकडा, आणि बाकीची ठोक्याने, म्हणजे खंडाने केलेली. आयोवात सरासरी शेत साडेतीनशे एकरच्या आसपास, त्यामुळे हजारो एकरवाला हा काही तिथला नेहमीचा शेतकरी नाही, आणि निम्म्याहून जास्त जमीन तर खंडाने कसली जाते. त्यांच्या मिसेस गावातल्या शाळेत नोकरी करतात. का, तर हेल्थ इन्शुरन्ससाठी. शेतीच्या जीवावर इन्शुरन्सचा हप्ता झेपत नाही, म्हणून घरातल्या एकाने तरी बाहेर नोकरी करायची हे इकडच्या बहुतेक शेतकरी घरांत ठरलेलंच असतं, फक्त आपल्याकडे हे कोणी सांगत नाही.

आता हिशोब बघा. मका एकरी 200 बुशेल म्हणजे साधारण 50 क्विंटल, ऐकायला भारी वाटतं. 2024 ला भाव होता बुशेलला 4 डॉलरच्या आसपास, म्हणजे एकरी आले 800 डॉलर. त्यातून खंडच गेला पावणेतीनशेच्या आसपास, मग बियाणं, खत, फवारणी, डिझेल, मका सुकवायचा गॅस, मशीनचे हप्ते. ठोक्याच्या जमिनीवर अशा वर्षी हाताला काही लागत नाही, उलट पदरचे जातात. आणि भाव शिकागोच्या वायदे बाजारात ठरतो, शेतकऱ्याला कोणी विचारत नाही. माल घेऊन एलेव्हेटरवर गेलं (एलेव्हेटर म्हणजे त्यांचं धान्य खरेदीचं कोठार) की आधी ओलावा मोजतात, सोयाबीन 13 टक्क्यांच्या वर ओलं निघालं की लगेच कट. लातूरच्या आडतीत उभं राहिलेल्या माणसाला हे काही नवीन नाही.

काढणीच्या दिवसांत मी त्यांच्याकडे जातो. सप्टेंबर शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत कंबाइन (कापणी-मळणीचं मशीन) रात्री उशिरापर्यंत चालू, मिसेस शाळेतून सुटल्या की डबा घेऊन थेट शेतात, पिकअपचं मागचं फळकं पाडायचं, त्यावर उभ्याउभ्या जेवायचं आणि परत केबिनमध्ये चढायचं. नातू शेजारच्या छोट्या सीटवर बसून स्क्रीनवरचे बुशेलचे आकडे मोठ्याने वाचत असतो. त्या घरात एक नियम फार कडक आहे, धान्याच्या टाकीत एकट्याने उतरायचं नाही. ओला मका वर थर धरतो, खाली पोकळी होते, तो फोडायला माणूस आत गेला आणि खालून मका ओढणं चालू असलं तर काही सेकंदांत माणूस गळ्यापर्यंत खाली जातो, मग कितीही ताकद लावा बाहेर ओढता येत नाही. दरवर्षी मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या या मधल्या राज्यांत, माणसं अशी जातात. यंत्र आहे म्हणून जिवाचा धोका गेला असं नाही हो.

आणि हे लोक कशातून गेलेत ते पण लिहिलं पाहिजे. 1970 च्या दशकात तिथले कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी बांधाबांधापर्यंत पेरा म्हणून सांगितलं, बँकांनी जमिनीवर कर्जं दिली, तरुण पोरांनी जमिनी घेतल्या. मग जानेवारी 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सरकारने सोव्हिएत रशियाला धान्य विकणं बंद केलं आणि त्याच काळात व्याजदर 20 टक्क्यांच्या वर गेले. आयोवात 1981 ला एकराला सरासरी 2147 डॉलर असलेली जमीन 1986 ला 787 डॉलरवर आली, कर्ज मात्र तेवढंच राहिलं. घरासमोर लिलाव लागले, शेजारीच शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घेताना मान खाली घालून उभे. डिसेंबर 1985 मध्ये आयोवातल्या हिल्स गावाच्या परिसरात कर्जात बुडालेल्या एका शेतकऱ्याने बायको, बँकेचा अध्यक्ष आणि एक शेजारी यांना गोळ्या घातल्या आणि स्वतःला संपवलं. आमचे हे शेतकरी तेव्हा तिशीच्या आतले होते, त्या वर्षांचा विषय निघाला की अजूनही उठून बाहेर जातात.

म्हणून मला त्या वाचकाचं म्हणणं पटत नाही. सरकार पैसे देतं हे खरंय, पीक विम्याचा बराचसा हप्ता सरकार भरतं, 2018 ला चीनने सोयाबीनवर 25 टक्के जादा टॅरिफ (आयात कर) लावला तेव्हा भरपाई पण दिली. 10 ऑगस्ट 2020 च्या वादळात आयोवातला लाखो एकर मका आडवा झाला, तेव्हा विमा नसता तर कित्येक घरं त्याच साली उठली असती. पण शेतकऱ्याला आधार देणाऱ्या काही गोष्टी आपसूक नाही मिळाल्या, एवढी माणसं आणि घरं गेल्यावर मिळाल्या. 1985 ला आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागाने शेतकऱ्यांसाठी फोन हेल्पलाइन काढली, ती आजही चालू आहे, रात्री कधीही फोन करा. आणि 1986 ला दिवाळखोरीच्या कायद्यात चॅप्टर 12 आलं, फक्त शेतकरी कुटुंबांसाठी. त्यात शेतकरी जमीन न सोडता 3 ते 5 वर्षांचा परतफेडीचा प्लॅन कोर्टापुढे ठेवतो, तारण ठेवलेल्या जमिनीची किंमत पडली असेल तर तेवढंच कर्ज तारणावर धरतात, वरचं बिनतारणी समजतात, आणि कोर्टाने प्लॅन मंजूर केला की बँकेला ते मान्य करावं लागतं. 2005 ला तो कायदा कायमचा झाला.

आपल्याकडे चर्चा नेहमी कर्जमाफी द्या किंवा देऊ नका इथेच अडकते, दर निवडणुकीला तेच. शेतकऱ्याला कोर्टात उभं राहून जमीन वाचवत कर्जाची फेररचना मागता येईल, असा स्वतंत्र कायदा भारतात का नको, यावर आपल्या पेपरने एखाद्या वकिलाकडून आणि एखाद्या बँकवाल्याकडून लिहून घ्यावं, दोन्ही बाजू येऊ द्या. आणि एकरांची तुलना करून मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला टोमणे मारणारी पत्रं छापताना शेजारी त्या एकरांचा खर्चही छापत जा एवढी विनंती.

आपला,
एक वाचक
(मु. आयोवा, मूळ गाव औसा, जि. लातूर)