एक अट काढा, आमचं लोकल चॅनल परत उभं राहील : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातला, कुडाळ तालुक्यातला. मागणी आधीच सांगून टाकतो. केबल कंपन्यांच्या लोकल चॅनलसाठी तुमच्या मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमावली काढली, त्यात अशी अट आहे की देवस्थानांतलं थेट प्रक्षेपण सोडलं तर एका कंपनीच्या लोकल चॅनलवरचा कार्यक्रम दुसऱ्या कुठल्याच कंपनीला द्यायचा नाही. जिल्ह्यापुरत्या चॅनलसाठी ही अट काढा, एवढंच.

आता का ते सांगतो. अ‍ॅनालॉग केबल होती तेव्हा लोकल चॅनल चालवणं सोपं होतं, गच्चीवर डिश, खाली कंट्रोल रूम, एक व्हीसीआर आणि त्याचं चित्र केबलवर चढवणारा एक मॉड्युलेटर, की रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर आपलं चॅनल चालू. आमच्याकडे ते कोणी नावाने ओळखत नव्हतं, सगळे नुसतं 'केबलवर लागलाहा' म्हणायचे. खाली पट्टीवर दुकानांच्या जाहिराती, निधनवार्ता, नळाला पाणी कधी येणार ते, वर गणपतीतली डबलबारी म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची भजनं, शिमग्याची पालखी, शाळेचं स्नेहसंमेलन आणि सगळ्यात जास्त म्हणजे दशावतार, जत्रेत रात्रभर चालणारं आमचं लोकनाट्य.

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते, हे मुद्दाम सांगतो कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. मंडळी पेटारा घेऊन देवळात येतात, आख्यान ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभं राहिल्यावर सुचतात. राजपार्टी (राजाचं काम करणारा) आणि स्त्रीपार्टी (बाईचं काम करणारा पुरुष) समोरासमोर आली, पेटी-मृदंगाची साथ जमली की एकेक प्रवेश कितीही वेळ रंगतो, पण तेच आख्यान दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या जत्रेत लागलं तर शब्द वेगळे. म्हणजे त्या रात्री तिथे कॅमेरा नसेल तर ते नाटक गेलंच. आणि कॅमेरा कोणाचा असायचा तर केबलवाल्याचा. तो पोरगा रात्रभर जत्रेत उभा राहून शूटिंग करायचा आणि पावसाळ्यात, जेव्हा जत्रा बंद असतात, तेव्हा ते नाटक रोज थोडं थोडं करून चॅनलवर लागायचं, भाताच्या लावणीला वाकून वाकून कंबर मोडलेल्या बायका जेवणं आटपून बघत बसायच्या, आज्यांना कुठल्या राजपार्टीने कुठल्या जत्रेत काय उत्तर दिलं ते पाठ असायचं. मुंबईचे चाकरमानी परत जाताना त्याच्या सीड्या मागून न्यायचे. कोणी सरकारी अनुदान दिलं नव्हतं बरं का, हे सगळं कापडदुकानांच्या आणि हॉटेलांच्या जाहिरातींवर चालत होतं.

मग २०११ मध्ये केबल कायदा बदलला आणि देशभर टप्प्याटप्प्याने सेट टॉप बॉक्स आला, गावखेड्यांच्या चौथ्या टप्प्याची शेवटची तारीख ३१ मार्च २०१७ होती. डिजिटल व्हायला माझा विरोध नाही, चित्र स्वच्छ झालं, हिशोब स्वच्छ झाला. पण सिग्नल आता लांबच्या शहरातल्या हेडएन्डवरून, म्हणजे कंपनीच्या मुख्य केंद्रावरून, लॉक होऊन येतो, गावातल्या ऑपरेटरला मध्ये स्वतःचं काही घालताच येत नाही. घालायचं तर आपला फीड त्या हेडएन्डपर्यंत पोचवा, चित्र डिजिटल करणाऱ्या एन्कोडरचा खर्च करा, वर कंपनीच्या चॅनलांत जागा मिळाली म्हणून तिचं भाडं द्या. आमच्याकडच्या चॅनलला जे भाडं सांगितलं गेलं ते दुकानांच्या जाहिरातींतून निघणं शक्यच नव्हतं. त्यात अर्धी गिऱ्हाईकं डिशवर गेली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून नवीन दरपद्धत आली, १०० चॅनलला १३० रुपये आणि टॅक्स, पे चॅनलचे पैसे वेगळे, मग उरलेल्यातल्याही कितीतरी लोकांनी केबल काढली. चॅनल एका दिवसात बंद पडलं नाही, आधी नवीन शूटिंग थांबलं, मग जुनंच फिरत राहिलं, मग तेही दिसेनासं झालं.

२०२२ च्या नियमावलीत चांगल्या गोष्टी आहेत, त्या नाकारत नाही. चॅनलमागे नोंदणी फी फक्त १००० रुपये, आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी दोन लोकल चॅनल जास्तीचे. हे वाचून मला खरंच आनंद झाला होता. पण आमचा जिल्हा आठ तालुक्यांचा, लोकवस्ती विरळ, त्यात या वाडीत एका कंपनीची केबल तर पलीकडच्या वाडीत दुसरीची. एकाच कंपनीवर दिसणाऱ्या चॅनलला जाहिरात कोण देणार? शिवाय लोकल बातम्या द्यायच्या तर कंपनी म्हणूनच नोंदणी पाहिजे. कम्युनिटी रेडिओ २००६ पासून ना-नफा संस्थांना चालवता येतो, मग दशावतार मंडळं, ग्रंथालयं मिळून जिल्ह्याचं एक टीव्ही चॅनल काढतील आणि ते सगळ्या कंपन्यांवर दिसेल, असा रस्ता का नको?

लोक सांगतात आता यूट्यूब आहे. आहे, मीही बघतो. पण तिथे संकासुर राक्षसाच्या आणि ट्रिकसीनच्या, म्हणजे चमत्काराच्या देखाव्यांच्या, क्लिपा पळतात, सबंध आख्यान बसून बघणारी जी म्हातारी माणसं आहेत त्यांच्या हातात रिमोट आहे, मोबाईल नाही, आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत रेंजचं काय सांगू.

दुसरी मागणी जुन्या टेपांची, आणि ती जास्त घाईची आहे. व्हीएचएस आणि मिनी डीव्हीच्या कॅसेटी अजून ऑपरेटरांच्या घरी माळ्यावर पडल्यात. कोकणातल्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते, वाजवायचे प्लेअर आता बाजारात नवे मिळत नाहीत. त्यात अशा कलाकारांची कामं आहेत जे आज हयात नाहीत आणि दुसरीकडे कुठे त्यांचं चित्रण नाही. प्रसार भारतीकडे अर्काइव्हचं काम जाणणारी माणसं आहेत, त्यातली एक टीम प्लेअर घेऊन आठ तालुक्यांत फिरवा, कॅसेटी गोळा करून द्यायचं काम आम्ही करू.

कार्तिकात जत्रा सुरू होतात. अटीचा निर्णय व्हायला वेळ लागेल हे समजतं, पण टेपांसाठीची टीम त्याआधी पाठवता आली तर बघा, कारण एकदा हंगाम लागला की मंडळांची माणसं रोज वेगळ्या गावात असतात आणि कुठल्या कॅसेटीत कोण आहे ते ओळखून सांगणारी तीच माणसं आहेत.

आपला,
कुडाळ तालुक्यातला एक प्रेक्षक